सोन्याचं पाणी

आमच्या अकोल्याच्या घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. म्हणून घरी कोणी आलं की आधी त्याचा आवाज यायचा आणि मग तो. वस्ती जिनिंगच्या मागच्या बाजूला. हंगामात सरकी काढायचे रेचे सुरू झाले की सकाळपासून घरघर चालू, आणि त्या घरघरीच्या वर आवाज काढायचा म्हणून अख्खी वस्ती ओरडून बोलायची. ती सवय माझी अजून गेलेली नाही. मी आता अमरावतीला मुलाकडे राहते. सून म्हणते, आई, तुम्ही भाजीवाल्याशी भाव करता की भांडता तेच शेजाऱ्यांना कळत नाही. त्यांना कळायची गरज काय?

रुई उडून घरात यायची. पिठात पडायची, वरणावर तरंगायची, निजलेल्या लेकराच्या पापणीवर बसायची. मायनं तव्यावर भाकर टाकली की आधी ती भाकरीवर फुंकर मारायची. जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कधी अंबाडीची भाजी आणि कायम ठेचा. बा जिनात गाठी दाबायच्या यंत्रावर होता. बोलायचा कमी. मी चौथी पास झाले तेव्हा मास्तर घरी आले आणि तुमच्या दुर्पताला पुढं शिकवा म्हणाले. बा म्हणाला, शिकवतो. पण त्याच वर्षी त्याचा हात यंत्रात आला आणि मी डागी कापूस निवडायला जिनात जाऊन बसले. याचं कोणी दुःख केलं नाही, मीसुद्धा नाही. आज लोक विचारतात, शिकायला मिळालं असतं तर तुम्ही काय झाल्या असत्या? मला काय माहीत. न झालेल्या बाईची चौकशी मी करत नाही.

निवडायच्या ओळीत माझ्या एका बाजूला वच्छला बसायची, दुसऱ्या बाजूला शांता. वच्छला आमच्याच वस्तीतली, माझ्याच वयाची, अंगानं काडी आणि बोलायला कंजूष. शांता कुणब्याची, आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून माहेरी परतलेली आणि माहेरी भावजयीशी पटेना म्हणून जिनात आलेली. पहिल्याच दिवशी दुपारी तिनं माझ्या डब्यात हात घातला आणि जवसाची चटणी उचलून खाल्ली. मी बघत राहिले.

"अशी काय पाह्यतं? मीठ कमी हाये," ती म्हणाली. मग बोटं चाटत हळूच म्हणाली, "माह्या घरी सांगू नोको पण."

शांता अशी होती. खायची, आणि सांगायची नाही. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या घरात धर्मांतर होऊन गेलं होतं, मी त्यानंतरची. बा जुन्या गोष्टी काढायचा नाही. पण माझी एक मावशी अमरावतीला होती, तिचा नवरा कचेरीत शिपाई. त्यांना बऱ्या मोहल्ल्यात खोली पाहिजे होती म्हणून त्यांनी दुसरंच आडनाव सांगून ती घेतली होती. मी दहा वर्षांची असताना आठ दिवस तिथं राहायला गेले. पोचल्या पोचल्या दारात मोठ्यानं जयभीम घातला, सवयीनं, आणि मावशीनं तिथंच माझ्या तोंडावर हात दाबला. पुढचे आठ दिवस मी गप्प. घरमालकीण बाई वाईट नव्हती. लाडानं विचारायची, पोरी, तुमचं कुलदैवत कोणतं? की मावशी आतून धावत यायची आणि उत्तर द्यायची. कुलदैवत सांगितलं की गाव निघायचं, गाव सांगितलं की मामाचं आडनाव. रोज नवं उत्तर लागायचं आणि कालचं लक्षात ठेवावं लागायचं. मावशीकडे नळ होता, वीज होती, आणि मावशी स्वतःच्या घरात पायाच्या बोटांवर चालायची. अकोल्याला परत आले, पोत्याचा पडदा सारला आणि पहिल्यांदा पोट भरून ओरडले.

माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा मी अठराची असेन. मी मायला म्हटलं, लग्न करते, पण आधी यात्रेला जाऊन येते. आमच्या विहारातले एक गुरुजी मधून मधून सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी अशी यात्रा न्यायचे. कापसाचा हंगाम संपत आला होता. माय म्हणाली, "एकटी?" मी म्हटलं, "वच्छी हाये ना संग." बा खाटेवरून म्हणाला, "जाऊ दे तिले. एकदा चुलीपुढं बसली का मंग कुठी जाते थे?" शांतापण निघाली. गुरुजींनी तिला जात विचारली नाही आणि तिनं घरी सारनाथ सांगितलं नाही, काशी सांगितलं. काशी रस्त्यातच होती, त्यामुळे खोटं अर्धंच होतं.

पेट्या न्यायच्या नाहीत हे शांतानं ठरवलं. पेटी हाताला धरून ठेवते, ती म्हणाली. आम्ही खताच्या पोत्यांच्या तीन थैल्या शिवल्या आणि त्यांना सुताचे रुंद पट्टे लावले, म्हणजे थैली पाठीवर आणि दोन्ही हात मोकळे. आत एकेक पातळ, गोधडी, रोडगे, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि ठेच्याची बरणी. स्टेशनवर यात्रेतल्या बाया आमच्याकडे पाहून हसल्या. हमाल दिसता म्हणाल्या. त्यांच्या पेट्या नंतर त्यांच्या नवऱ्यांनी उचलल्या, आमच्या थैल्या आम्ही.

आम्हाला इटारशीच्या पुढं सगळा परदेशच होता. खरा परदेश लुंबिनीला लागला, पण हद्द ओलांडताना काही वेगळं झालं नाही, धूळ तीच होती. लुंबिनीला तेव्हा खांब, तळं आणि चहूकडे शेतं, एवढंच. सकाळी हवा स्वच्छ होती आणि उत्तरेला आभाळाच्या कडेला एक पांढरी रेघ दिसत होती. तिथल्या भंतेजींनी सांगितलं, तो बर्फ आहे. सगळ्यांनी पाहिला, हात जोडले आणि परतायला बसकडे निघाले. वच्छला उभीच राहिली.

"मले थे जवळून पाह्यचं हाये," ती म्हणाली.

या पोरीनं आयुष्यात कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. शांतानं लगेच थैली पाठीवर घेतली. गुरुजी घाबरले. "अवं, तुमच्या मायले मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, येऊन राह्यल्या मागून." गुरुजींनी पुष्कळ समजावलं, मग रागावले, मग आपल्याजवळचा एक रुमाल भरून फुटाणे दिले आणि गेले. त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही आणि आता ते नाहीत.

माझी नात नागपूरला नोकरी करते. ती मागच्या वर्षी मैत्रिणींसोबत पाठीवर थैली घेऊन व्हिएतनामला जाऊन आली. तिच्या थैलीला इतके कप्पे आहेत की तिला स्वतःलाच काही सापडत नाही. ती मला सांगते, "आजी, जिथं जातो तिथली रीत पाळायची. आपली त्यांच्यावर लादायची नाही." बरोबर आहे. आम्ही पण पाळली. लुंबिनीच्या पुढच्या त्या मुलखात दोन्ही वेळा भात खायचे. आम्हाला भाकरीशिवाय जेवण म्हणजे जेवणाची वाट पाहणं, तरी खाल्ला. आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबट भाजी असायची, तिचा वास ओल्या पोत्यासारखा, चव चांगली. कोणाला काही द्यायचं तर उजव्या हातानं, आणि डावा हात उजव्या कोपराला लावून. तसं दिलं. कोणी पाय पसरून बसलं असेल तर पाय ओलांडायचे नाहीत, वळसा घालायचा. घातला. बाया डोंगरावर ओझं खांद्यावर नेत नाहीत, कपाळाला पट्टा लावून नेतात. एकीनं मला शिकवलं आणि मानेत चमक भरेपर्यंत मी तसं चालले. म्हाताऱ्या बाया चारचौघांत बिडी ओढायच्या. ही रीत शांताला सगळ्यांत लवकर जमली.

लुंबिनीजवळच्या बुटवलहून डोंगरात चढणाऱ्या बसचा चाकावरचा पाटा तुटला आणि बस एका वळणावर बसली. ड्रायव्हर म्हणाला, नवा पाटा आणायला खाली जातो, तीन दिवसांनी येतो. उतारू चढणीवरच्या घरांमध्ये पांगले. आमच्या वाट्याला एक म्हातारी आली. तिचा नवरा हिंदुस्थानच्या फौजेत होता, तिनं छावण्यांमध्ये दिवस काढले होते, त्यामुळे मोडकं हिंदी बोलायची. घरात एकटी. एक म्हैस, एक लिंबाचं झाड आणि जीभ आमच्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला भारी. शांताच्या कपाळाचं मोठं कुंकू पाहून आणि काशी हा शब्द ऐकून तिनं आम्हाला बाहेरच्या खोलीत जागा दिली. त्याच बसमध्ये एक गोरा पोरगा आणि गोरी पोरगी होती, पाठीवर माणसाएवढ्या थैल्या. त्यांना तिनं ओट्यावर ठेवलं. जेवणही ओट्यावर, आणि जेवल्यावर ताट त्यांचं त्यांनीच धुवायचं. गोऱ्यानं ताट इतकं चमकवलं की म्हातारी खूश झाली. तो पण खूश होता. त्याला वाटलं, ही इथली छान रीत आहे, पाहुण्यानं आपलं ताट धुवावं. मी ते पाहिलं आणि मला कळलं की ही कुठली रीत आहे. पण ताट माझं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

सकाळी वच्छला उठेना. अंग तव्यासारखं. म्हातारीनं तिच्या कपाळाला हात लावला, आपली जाड रजई आणून घातली आणि म्हणाली, "हवा लगा है. दो दिन सोने दो." फुकट राहायचं आणि रजई पण घ्यायची तर काम करायला पाहिजे, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. शांतानं लाकडं फोडली. मी अंगण झाडलं आणि खालच्या धारेवरून पाण्याच्या घागरी आणल्या. म्हातारी माझ्या हातचं पाणी प्यायली, वर म्हणाली, "मेरी बहू से तू अच्छी." सून खाली शहरात गेली होती म्हणे, येत नव्हती. मी म्हटलं, "आप ऐसा बोलते रहते, वो कैसे आएगी?" म्हातारी खो खो हसली. मला ती आवडली होती, हे मी लपवत नाही.

आमच्या वऱ्हाडात बाईमाणूस पाहुणी आली आणि चुलीजवळ गेली नाही, तर मागून नावं ठेवतात. आली, बसली, गिळली आणि गेली. ती सवय अंगात. म्हातारी म्हशीकडे गेलेली, चुलीवर भात शिजत होता, आणि वच्छलाच्या पोटात कालपासून काही नव्हतं. मी थैलीतलं ज्वारीचं पीठ काढलं, पाण्यात कालवलं आणि आंबील शिजवायला आतल्या खोलीत गेले. चुलीभोवती वीतभर उंचीची मातीची कड होती. मला वाटलं, राख बाहेर येऊ नये म्हणून असेल. ती ओलांडून मी आत बसले, भाताचं भांडं बाजूला सरकवलं, माझं ठेवलं, आणि भात करपू नये म्हणून त्याच्याच पळीनं भात हलवला.

म्हातारी दारात आली आणि तिनं जी किंकाळी फोडली ती मी जिनाच्या घरघरीतसुद्धा ऐकली असती. मला वाटलं साप निघाला. "बाहर! बाहर निकल!" मी आंबिलीचं भांडं घेऊन बाहेर आले. मग तिनं विचारलं, "कुन जात?"

हा प्रश्न कोणत्याही मुलखात कळतो.

मी तोंड उघडायच्या आत शांता मधे आली. "कुणबी, माताजी! तिन्हीच्या तिन्ही कुणबी. खेतीवाले, पाटील लोग!" आणि मागे न बघता मला म्हणाली, "तू चूप राह्य. अजिबात बोलू नोको."

म्हातारीचा श्वास खाली आला. ती उंबऱ्यावर बसली. भात तर फेकावाच लागणार होता, चूल सारवावी लागणार होती, कारण परक्या माणसानं ती कड ओलांडायचीच नसते, मग तो कोणीही असो. पण फार बिघडलं नव्हतं. ती अर्धवट हसलीसुद्धा. "पागल छोरी. किसी के चूल्हे में कोई घुसता है?"

तिथं संपलं होतं. बस परवा येणार होती. म्हणजे दोन दिवस मला कुणबी राहायचं होतं. मी मावशीच्या खोलीत आठ दिवस काढलेले होते, मला माहीत होतं की हे एकदा सांगून भागत नाही. संध्याकाळी म्हातारी कुलदैवत विचारणार, आणि शांता धावत येणार.

"माताजी, मैं कुणबी नहीं," मी म्हटलं. "मैं बौद्ध."

"बौद्ध?" तिनं माझं तोंड न्याहाळलं. "लामा लोग? वो भी चलता है. पहले बोलना था ना."

तिच्या मुलखात बौद्ध ही पण एक जात होती, हातचं पाणी चालणारी. मी खरं सांगितलं होतं आणि तरी वाचत होते. शांतानं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. पण मला कोणाची चालणारी जात व्हायचं नव्हतं. आम्ही जात सोडली होती ती दुसरी घ्यायला नाही.

"लामा नहीं. हमारे लोगों को पहले छूते नहीं थे. गांव के बाहर रखते थे. अब हम बौद्ध हैं. ये भी," आणि मी वच्छलाकडे बोट केलं. "और सुबह से आप मेरे हाथ का पानी पी रहे. कुछ हुआ?"

म्हातारीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग तिनं पहिलं काम केलं ते वच्छलाच्या अंगावरची रजई काठीनं ओढायचं.

गवत ठेवायचं एक छप्पर होतं, तीन बाजूंनी उघडं. तिथं जा म्हणाली. वच्छला आपल्या पायानं चालत गेली, एकेक पाऊल, मी धरायला गेले तर हात झटकला. म्हातारीनं कानातलं सोन्याचं फूल काढलं, तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पाल्याच्या डहाळीनं ते पाणी सगळीकडे शिंपडत फिरली. उंबऱ्यावर, घागरींवर, रजईवर, म्हशीवरसुद्धा. सोन्यानं शिवलेलं पाणी टाकलं की जागा शुद्ध होते, अशी तिकडची रीत. माझ्या मायच्या नाकात पितळेची चमकी होती, आणि इथं माझ्यापायी जमिनीला सोन्याची आंघोळ चालली होती. ओट्यावरच्या गोऱ्याला वाटलं काही सण आहे. त्यानं हात जोडून डोकं पुढं केलं, माझ्यावर पण टाका म्हणून. म्हातारीनं टाकलं. तिनं त्याला कशाला सोडावं?

त्या गोऱ्या पोरीला मात्र काहीतरी कळलं. ती छपरात आली, वच्छलाच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या, पाणी पाजलं आणि परत ओट्यावर गेली.

शांता माझ्यावर धावून आली. "काहून बोललीस? तुले कोनं विचारलं होतं?"

"तिनंच विचारलं."

"मी देल्लं होतं ना उत्तर!"

"थे तुह्यं उत्तर होतं."

"अन् वच्छी मेली तं? हे गवत पांघरू तिले? लय आली सत्यवान!"

"तू जाय ना आत. तुले थोडीच काढलं तिनं."

"जातो बी!" असं म्हणून शांता खरंच गेली. मी तिला नावं ठेवली नाहीत. थोड्या वेळानं ती थैली घेऊन परत आली, आमच्यावर आपली गोधडी टाकली आणि गवतावर बसून बिडी पेटवली. मी विचारलं, काय झालं. "म्हातारी मले म्हने, यांच्यासंग जेवतं काय? म्हटलं, रोजच जेवतो. पह्यल्या दिवसापासून जेवतो. मंग मले बी हाकललं." आणि म्हणाली, "तशी बी पिसवा हायेत तिच्या घरात."

लोक मला विचारतात, पस्तावा होतो का. नाही. तोच प्रश्न आज कोणी विचारला तर तेच उत्तर देईन, आणि अमरावतीत अजून विचारतात, फक्त आता आडनाव विचारतात. पण एक गोष्ट मी वेगळी करीन. माझं मी सांगीन आणि वच्छलाकडे बोट करणार नाही. ताप तिला होता. तिच्या रजईच्या जिवावर मी माझी मान ताठ केली, तिला न विचारता. हे बोट मला अजून दिसतं. पुढं आम्ही बर्फ पाहिला, वच्छलानं डोळे भरून पाहिला, आमची लग्नं झाली, म्हाताऱ्या झालो. तिनं मला कधी माफ केलं असं म्हटलं नाही आणि मीही माफी मागितली नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच मिटलं होतं, आणि ते मी मिटवलं नाही.

सकाळी वच्छलाचा ताप उतरला होता, पण उठून बसली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. ठेचा नि शेंगदाणे तिला गिळवेनात. आंबील कालच्या गडबडीत सांडली होती आणि नवी शिजवायला चूल नव्हती. ऊन अंगणात आलं तेव्हा म्हातारी घरातून निघाली. हातात काशाची वाटी, वाटीत गरम दूध, वर मिरपूड. छपरापासून दहा पावलांवर एक सपाट दगड होता. त्यावर तिनं वाटी ठेवली, मागं सरली आणि हातानं खूण केली, उचला.

मी पुढं गेले आणि दगडाच्या अलीकडे उभी राहिले. "हाथ में दो," मी म्हटलं.

"ले जा."

"हाथ में दो, तो लेंगे."

"बीमार के लिए लाई हूं," म्हातारी म्हणाली. "तेरे लिए नहीं." ती रागात नव्हती. दमलेली दिसत होती. पण पाऊल पुढं टाकत नव्हती, आणि मीही टाकत नव्हते. दुधाची वाफ कमी होत चालली. माझ्या मागून शांता म्हणाली, "साय आली पाह्य त्याच्यावर." कोणी हललं नाही.

"दुर्पते, बाजूले हो."

वच्छला उठून उभी होती. एका हातानं छपराचा खांब धरलेला.

"वच्छे, हातात नाई देऊन राह्यली थे," मी म्हटलं.

"पाह्यलं मी. दूध कोनासाठी हाये?"

"तुह्यासाठी."

"मंग ठरवाचं कोनं? काल तू ठरवलं. आज मी ठरवतो."

ती दहा पावलं चालत आली, दगडापाशी उकिडवी बसली, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि दूध प्यायली. सावकाश, मधे मधे थांबत, बोटानं साय ओढून. मी पाहत राहिले. मला वाटलं होतं, मला लाज वाटेल. लाज वाटली नाही, भूक लागली.

दूध संपल्यावर म्हातारीनं खालच्या धारेकडे बोट केलं. वाटी धुवून आण. गोऱ्यानं ताट धुतलं होतं तसंच. वच्छलानं धारेकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग ती वाटी घेऊन सरळ घराकडे निघाली. म्हातारी ओरडली आणि बाजूला झाली. वच्छलानं उष्टी वाटी घराच्या उंबऱ्यावर, अगदी मधोमध ठेवली.

"आमच्याकडे आजाऱ्याले भांडं घासाले लावत नाई, बाई," ती म्हातारीला म्हणाली, सरळ वऱ्हाडीत. "तशी रीत नाई आमच्याकडे."

म्हातारीला एक शब्द कळला नसेल. पण अर्थ कळला, कारण ती वाटीकडेच बघत राहिली. वच्छला परत आली आणि गोधडीत शिरली.

वाटी उंबऱ्यावर आणि म्हातारी अंगणात. पुढून आत जायचं तर ती ओलांडावी लागत होती. म्हैस आरडायला लागली, चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला. म्हातारीनं आमच्याकडे पाहिलं. शांतानं तिच्याकडे पाहून धूर सोडला. शेवटी ती घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली आणि लोखंडी चिमटा घेऊन बाहेर आली. चिमट्यात वाटी धरली, हात लांब ताणला, तोंड बाजूला केलं आणि तशीच धारेपर्यंत गेली. तिथं चिमट्यानंच धरून, काडीला बांधलेल्या गवताच्या बोळ्यानं राख लावून ती वाटी घासायला लागली. वाटी सुटायची, दगडावर वाजायची, ती परत पकडायची. चिमट्यानं का होईना, घासत तीच होती.

वच्छला गोधडीतून डोळे उघडे ठेवून पाहत होती.

"नीट घास म्हनावं," ती म्हणाली. "कडंले साय लागली हाये."